काळीवरचे घर, झिरपणारे अंगण

सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणा एकत्र येतात तिथे, हरिपूर वसले आहे. हळदीच्या व्यापारात या गावाचे नाव निघते ते पेवांमुळे. जमिनीत वीस फुटांहून खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस अशी ही कोठारे. हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचे, की माल वर्षानुवर्षे टिकायचा. नदी हाकेच्या अंतरावर असताना जमिनीच्या पोटातली हळद कोरडी राहायची, याचे श्रेय तिथल्या घट्ट, पाणी आत न घेणाऱ्या मातीला. २००५ च्या महापुरात पाणी या मातीतून झिरपून आले नाही, ते तोंडावरून आत शिरले, आणि बहुतेक पेवे कामातून गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तोवर पेवांचा जमाना जवळपास सरला होता.

माती आणि पाण्याच्या याच नात्यावर बेतलेल्या प्रस्तुत पुस्तकाचे विषय दोन आहेत. पहिला, बांधकामाखालची कच्ची जमीन भार घेण्याजोगी करणे. अभियंते याला भूस्थिरीकरण म्हणतात. दुसरा, झिरपती फरसबंदी: ज्यावरून गाडी जाईल, पण पाऊस वाहून न जाता ज्याच्या आत उतरेल असे अंगण, पदपथ किंवा वाहनतळ. पहिल्या कामात मातीला पाण्यापासून जपायचे असते, दुसऱ्यात पाणी मातीत सोडायचे असते. एकाच प्लॉटवर ही दोन्ही कामे करायची म्हटली की भांडण ठरलेले, आणि सांगली-साताऱ्याच्या जमिनीवर ते फारच चुरशीचे होते. बाजारात या विषयांवर स्वतंत्र पुस्तके आहेत, बहुतेक इंग्रजीत. दोन्हींना एका पाटावर बसवणारे मराठी पुस्तक हवे होते ते याच कारणाने.

जुन्या गावगाड्यात जमिनीची वाटणी साधी होती. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांचे जुने गावठाण आजही उंचवट्यावर दिसते आणि भोवतालची काळी पिकासाठी राखलेली असते. यात शेतीची सोय होती, पुरापासून बचाव होता, आणि काळीवर बांधलेली भिंत तडकते हा अनुभवही होता. गेल्या पन्नासेक वर्षांत ही वाटणी मोडली. सांगलीच्या भोवतालच्या शेतांचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडले. आधी घरे उभी राहिली, रस्ते आणि गटारे मागाहून मागितली गेली. राज्य सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, तो अशाच वस्त्यांसाठी. शामरावनगरसारख्या सखल उपनगरात पाऊस थांबून गेला तरी मोकळ्या प्लॉटमधले पाणी हटत नाही. गटार नसणे हे एक कारण. खाली काळी असणे हे दुसरे, आणि ते गटाराच्या निविदेत कुठे लिहिलेले नसते.

काळीचा स्वभाव कळला की पुढचे पुष्कळ उलगडते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून जी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याचे कण अतिशय पातळ थरांचे बनलेले असतात. थरांमध्ये पाणी शिरले की ते दूर सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की थर जवळ येतात आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याखालच्या जमिनीची ताकद मोजण्यासाठी सीबीआर ही चाचणी वापरतात. भिजलेल्या काळीचा तिच्यातला आकडा बहुधा दोनच्या आसपास किंवा त्याखाली येतो. चांगल्या मुरमाचा याच्या कितीतरी पट असतो.

नवख्याला नवल वाटेल अशी एक गोष्ट इथे आहे. काळी जड इमारतीपेक्षा हलक्या बांधकामाला अधिक छळते. तीन-चार मजली इमारतीचे ओझे मातीचा फुगवटा दाबून धरू शकते. एक मजली घर, कुंपणाची भिंत, अंगणाची फरशी आणि रस्ता मात्र वर उचलले जातात. तेही सारखे उचलले जात नाहीत. घराच्या मधल्या भागाखालची ओल वर्षभर फारशी बदलत नाही, कडेची माती मात्र दर ऋतूला भिजते आणि सुकते. म्हणून पहिला तडा कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीपासून तिरपा निघतो. गवंड्याला दोष देण्याआधी तो तडा कोणत्या महिन्यात रुंदावतो हे पाहिले तर पुष्कळ वाद मिटतील.

मातीला वळण लावण्याची विद्या प्रयोगशाळांच्या फार आधीची आहे. मळणीसाठी खळे तयार करताना शेतकरी जमीन भिजवत, बैल फिरवून तुडवत, चोपत आणि वरून शेणाने सारवत. ओल, दाब आणि बंधक पदार्थ, स्थिरीकरणाची तिन्ही अंगे त्यात आली. आटपाडी, जत आणि माण भागातल्या धाब्याच्या घरांनी पांढऱ्या मातीचा जाड थर छपरावर घेतला. वाड्यांच्या आणि घाटांच्या बांधकामात चुन्याची घाणी फिरत असे. पाण्याशी सामना करण्याची एक वेगळी तऱ्हा वाईत दिसते. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी कृष्णेच्या पात्रालगत ढोल्या गणपतीचे मंदिर बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे; पुराचा लोंढा तिच्यावर आपटण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी जातो. पाण्याला थोपवण्यापेक्षा त्याची वाट आधीच ठरवून ठेवण्याचा हा विचार या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल, म्हणून त्याचा उल्लेख इथेच केला.

आधुनिक मृदायांत्रिकीचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा. स्वीडनच्या अॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये माती किती पाण्याला घट्ट, किती पाण्याला लवचीक आणि किती पाण्याला पातळ होते याच्या सीमा ठरवल्या. टेर्झागी यांचा मूलभूत जर्मन ग्रंथ १९२५ चा. लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात मातीची धरणे बांधताना प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की दर मातीला तिच्या मापाची ओल मिळाली तरच रोलर तिला जास्तीत जास्त घट्ट करू शकतो. ओल कमी तरी दबाई अपुरी, जास्त तरी अपुरी. आपल्याकडच्या कित्येक रस्त्यांवर टँकरवाला अंदाजाने पाणी मारतो आणि रोलरवाला सवयीने फेऱ्या घालतो. प्रॉक्टरला नव्वद वर्षे होऊन गेली तरी. दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्सनव्हिलजवळ १९३५ मध्ये माती आणि सिमेंटचा मोजूनमापून केलेला रस्ता झाला आणि तिथून स्थिरीकरण ही स्वतंत्र शाखा मानली जाऊ लागली.

भारतात रस्त्यांचा विचार संघटितपणे सुरू झाला तो १९२७ च्या समितीपासून. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. चुना, सिमेंट आणि राख वापरून माती पक्की कशी करावी याची तिची मार्गदर्शिका, एसपी ८९, २०१० मध्ये आली. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळीसाठी तळाशी फुगीर असलेले अंडररीम पाइल १९५० च्या दशकात रुळवले. फुगणारा वरचा थर ओलांडून इमारतीचे पाय खालच्या स्थिर थरात रोवायचे, ही त्यामागची कल्पना.

महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या काळीवर सर्वांत मोलाचे काम मात्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांचे. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांचे अस्तर काळीच्या फुगवट्याने उचलले जाऊन फुटत होते. त्या काळी उपाय म्हणून वाळूचा थर घालत, आणि तो फसत असे. वाळूतून पाणी खाली उतरते, खालची काळी भिजते आणि फुगते. कट्टींनी लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीकडे: जमिनीत मीटर-सव्वामीटर खाली गेले की काळी, काळी असूनही, फारशी फुगत नाही. वरचा थर आपल्या चिकटपणाने तिला धरून ठेवतो. मग वर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, योग्य प्रतीच्या मुरमाचा, साधारण मीटरभर जाडीचा दाबलेला थर दिला तर तेच काम होईल. तसे झाले, आणि हे तंत्र पुढे कालव्यांच्या भारतीय मानकात आले.

सांगलीचा कुठलाही ठेकेदार आज सांगतो, काळी काढा आणि मुरूम भरा. सल्ला बरोबर आहे, त्यातली मेख सुटलेली असते. सैल, खरबरीत मुरूम किंवा डबर काळीच्या खड्ड्यात ओतले की खड्ड्याची टाकी होते. पागोळ्यांचे पाणी त्या टाकीत उतरते, बाहेर जायला वाट नसते, आणि भोवतालची काळी आरामात भिजत बसते. मुरूम चिकट आणि चांगला दाबलेला हवा, आणि वरून पाणी आत येऊ नये अशी पट्टी घराभोवती हवी. झिरपत्या फरसबंदीशी होणारे भांडण सुरू होते ते नेमके इथे.

स्थिरीकरणाचे पंथ ढोबळमानाने तीन. पहिला मिश्रण आणि दबाईचा: एका मातीत दुसरी मिसळून तिचे गुण सुधारायचे. स्वस्त, जुना, आणि नीट केला तर अजूनही सर्वांत भरवशाचा. दुसरा रसायनांचा. काळीत वजनाच्या ३ ते ८ टक्के चुना मिसळला की त्यातले कॅल्शियम चिकणकणांना गोळा करते. चोवीस तासांतच माती भुसभुशीत होते, तिचा चिकटपणा उतरतो. पुढचे काम सावकाश चालते. चुना आणि मातीतली सिलिका यांचा संयोग होऊन महिनोन्‌महिने बंध तयार होत राहतात. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात उसाच्या चिपाडाची राख ढिगांनी मिळते, तिच्यात सिलिका भरपूर असते आणि चुन्याबरोबर तिचे प्रयोग देशात अनेक ठिकाणी झाले आहेत. बाटलीतली एन्झाइमे आणि जादुई पावडरी विकणारेही याच पंथात मोडतात. त्यांच्या जाहिरातींपेक्षा त्यांचे चाचणी-अहवाल मागावेत.

चुना सरसकट चालत नाही याचे धडे महाग पडले आहेत. लास वेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यू या रस्त्याखाली चुन्याने सुधारलेली माती काही वर्षांनी फुगून वर आली. तिथल्या मातीत सल्फेट होते. चुना, सल्फेट आणि पाणी यांच्या संयोगाने एट्रिंजाइट नावाचे फुगणारे स्फटिक तयार झाले. १९८८ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या चुनाभक्तांनी कान टवकारले. मिरज, वाळवा, पलूस भागात अतिपाण्याच्या उसाने क्षारपड झालेली जमीन आता प्लॉटिंगमध्ये येऊ लागली आहे. तिथे चुन्याचे पोते फोडण्याआधी सल्फेटची तपासणी करणे हा चोचला समजू नये. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला १९६० पासूनचे शासकीय महाविद्यालय आहे. मातीचे नमुने घेऊन फार लांब जावे लागत नाही.

तिसरा पंथ मजबुतीचा, म्हणजे मातीत कापड, जाळी, पट्ट्या किंवा मुळे गुंफण्याचा. फ्रान्सच्या आंरी व्हिदाल यांनी १९६० च्या दशकात पट्ट्यांनी बांधलेल्या मातीच्या भिंती रूढ केल्या. आज महामार्गाच्या कित्येक उड्डाणपुलांच्या चढांवर त्या दिसतात. नारळाच्या काथ्याचे कापडही मागे नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० मध्ये सात राज्यांत १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याचे भूवस्त्र मंजूर झाले, त्यात महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर होते. काथ्या काही वर्षांत कुजतो, पण तोवर खालची माती दबून स्थिर झालेली असते.

या पंथाची खरी परीक्षा साताऱ्याच्या पश्चिमेला आहे. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. अशा उतारावर भिंतीची जाडी दुय्यम ठरते. मातीच्या पोटात साठलेले पाणी किती लवकर बाहेर पडते त्यावर सारे अवलंबून असते. चर, निचऱ्याचे पाइप, वाळ्यासारख्या खोल मुळांच्या गवताची रांग, आणि मुख्य म्हणजे उताराचा पायथा घर किंवा रस्त्यासाठी न तोडणे.

आता दुसऱ्या विषयाकडे. झिरपत्या फरसबंदीतले वाळूविना, म्हणून सच्छिद्र, काँक्रीट ही काही कालपरवाची कल्पना नाही. इंग्लंडमध्ये १८५२ मध्ये त्याच्या भिंतींची घरे झाली. फरसबंदी म्हणून त्याचा विचार मात्र उशिरा सुरू झाला. सच्छिद्र डांबराचे प्रयोग १९७० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये झाले. काँक्रीटचे ब्लॉक नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या टंचाईतून आले आणि पुढे जर्मनीने रुंद सांध्यांच्या झिरपत्या ब्लॉकांवर बरेच संशोधन केले. इंग्लंडने ऑक्टोबर २००८ पासून नियमच केला: घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा मोठी न झिरपणारी फरशी घालायची तर परवानगी घ्यावी लागेल, झिरपती घालायची तर लागणार नाही. लोकांनी आपली मोटार उभी करायला बागा बुजवल्या आणि त्याचे पाणी शहरांच्या गटारांना झेपेनासे झाले, त्यातून हा नियम आला.

महाराष्ट्रात या विषयाचा सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे पेव्हिंग ब्लॉक. ग्रामपंचायतीच्या चौकापासून शहरी सोसायटीच्या आवारापर्यंत लाल-पिवळे ब्लॉक बसले, आणि ब्लॉक म्हणजे पाणी मुरणार, अशी समजूत पसरली. खाली पीसीसीचा, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, सांध्यांत सिमेंटचा गिलावा आणि कडेला काँक्रीटची पट्टी असेल तर त्या ब्लॉकांतून पाणी मुरण्याची शक्यता सपाट कोब्याइतकीच. झाडांच्या बुंध्यापर्यंत नेलेल्या फरशीने तर झाडे गुदमरली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले ते त्यामुळेच.

झिरपत्या फरशीचे मर्म तिच्या पृष्ठभागात फारसे नाही, ते खालच्या खडीत आहे. एकाच मापाची, कच धुऊन काढलेली खडी पसरली तर तिच्यात साधारण ४० टक्के पोकळी राहते. ३०० मिलिमीटर जाडीचा असा थर १२० मिलिमीटर पाऊस पोटात ठेवू शकतो. शंभर चौरस मीटरच्या अंगणात हे होतात १२ हजार लिटर. हे पाणी नंतर सावकाश जमिनीत उतरते किंवा तळाच्या पाइपातून जाते. ब्रिटिश अभियंते यावरून तीन प्रकार करतात: सगळे पाणी जमिनीत मुरवणारे, काही मुरवून उरलेले पाइपाने नेणारे, आणि तळाला अस्तर घालून सगळेच पाइपाने नेणारे. पहिला प्रकार मुरमाड माळावर शोभतो. काळीवर, घराच्या कडेला, तोच प्रकार केला तर मलप्रभेच्या कालव्यांतल्या वाळूची गोष्ट पुन्हा घडेल. तिथे तिसरा प्रकार घ्यायचा, तळाची काळी चुन्याने सुधारून दाबायची, अस्तर टाकायचे, आणि खडीतले पाणी पाइपाने घरापासून दूर, बोअर पुनर्भरणाच्या खड्ड्याकडे किंवा गटाराकडे न्यायचे. स्थिरीकरण आणि झिरप यांची सोयरीक होते ती अशी. मात्र तिला आराखड्यात एक पाइप आणि दोन रेघा जास्त लागतात, आणि बहुतेक वेळा त्याच गाळल्या जातात.

पुराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण सांगलीत हा प्रश्न कुणीही पहिला विचारणार. १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले. झिरपत्या अंगणांनी हे पाणी अडले असते का? धरणातून एक लाख क्यूसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. वर सांगितल्यासारखी सव्वादोनशेहून अधिक अंगणे तो एका सेकंदात भरून टाकेल. नदीच्या महापुरावर फरशी हा उपाय नाही, आणि तसे सांगून कुणी ब्लॉक विकत असेल तर त्याला दाराबाहेरूनच रवाना करावे. चीनने २०१५ पासून ‘स्पंज शहरां’वर प्रचंड खर्च केला, त्या धोरणाखाली काम झालेल्या झेंगझोऊमध्ये २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. स्पंज खोटा ठरला असा त्याचा अर्थ नाही, त्याचे माप ओलांडले गेले. झिरपती फरशी उपयोगी पडते ती वळवाच्या जोरदार सरीत, चौकातल्या गुडघाभर पाण्यात, आणि सांगलीत शेरीनाल्यासारख्या नाल्यांवर एकदम येणाऱ्या भारात.

सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रस्त्यासारख्या आधी बुडणाऱ्या भागांसाठी अडचण आणखी एक आहे. पूर ओसरताना गाळ ठेवून जातो. झिरपत्या फरशीचा सर्वांत मोठा शत्रू तोच; बारीक गाळ सांध्यांत बसला की एका पावसाळ्यात फरशी बंद पडते. पूररेषेच्या आत ती घालण्यात पैसा वाया घालवू नये, असे या पुस्तकाचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. पुराबाहेरच्या भागातही वर्षातून दोनदा सांधे उकरून, धुऊन नवी बारीक खडी भरावी लागते. देखभालीची तरतूद नसेल तर साधी खडी पसरलेले अंगण बरे.

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेला चित्र उलटते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि शंभरेक किलोमीटरवर माण-खटावला, तिकडे जत-आटपाडीला त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले तेव्हा जतच्या वाड्या टँकरची वाट पाहत होत्या. पण याच भागात उथळ मातीखाली मुरूम आहे आणि तो पाणी घेतो. त्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने श्रमदानाने चर, बांध खोदून पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा जिंकली. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या हिमतीने बळीराजा स्मृती धरण उभारायला घेतले, त्यासाठी काही पैसा त्यांनी नदीतल्या वाळूच्या विक्रीतून उभा केला आणि वाळूच्या अनिर्बंध उपशाला विरोधही केला. वाळू म्हणजे नदीचे पाणी धरून ठेवणारा थर, हे त्यांनी ओळखले होते. पूर्व भागातल्या शाळेचे पटांगण, बाजार समितीचे आवार, एसटी स्थानकाचा फलाट झिरपता केला तर त्याचा थेट फायदा विहिरींना होईल. आजपर्यंत असे आवार म्हणजे काँक्रीट, हेच गणित चालत आले आहे.

शाश्वत बांधकामाची चर्चा या दोन्ही विषयांना आज तातडीची बनवते. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के सांगितला जातो. चुनाही निष्पाप नाही: चुनखडी भाजताना, इंधन वेगळे, एका टन चुन्यामागे सुमारे ७८५ किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या दगडातून निघतो. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. शंभर चौरस मीटरच्या घरासाठी सव्वा मीटर काळी काढून मुरूम भरायचा तर ४४ ब्रास मुरूम लागतो, तेवढीच काळी कुठेतरी टाकावी लागते, आणि तो मुरूम एखाद्या टेकडीच्या पोटातून येतो. पुणे-बंगळूर महामार्गाने जाताना कापलेल्या टेकड्या नजरेआड करणे कठीण आहे. जागच्या मातीतच थोडा चुना आणि चिपाडाची राख मिसळून काम भागले तर ट्रकच्या फेऱ्या आणि टेकडी दोन्ही वाचतात. कुठे ते भागेल आणि कुठे नाही, हे मातीची तपासणी सांगते. पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री योजना आणली. उसाच्या ट्रॉलींनी चिखल झालेले हे शेतरस्ते या तंत्राची सर्वांत मोठी प्रयोगशाळा ठरू शकतात.

हे पुस्तक कुणासाठी आहे, याचे उत्तर त्याच्या भाषेत आहे. सोलिंग, कच, दबाई, जोते, साइडपट्टी असे शब्द त्यात जागोजाग येतात, कारण ते प्रत्यक्ष कामावर बोलले जातात. अभियंत्याला सूत्रे सापडतील, पण पुस्तक त्याच्याशीच बोलत नाही. घर बांधणारा शिक्षक, पंचायतीचा सदस्य, सोसायटीचा सचिव आणि ठेकेदाराकडचा मुकादम हे त्याचे तितकेच हक्काचे वाचक आहेत. जर्मन किंवा अमेरिकी आराखडे जसेच्या तसे छापण्याचा मोह पुस्तकाने टाळला आहे. कृष्णेच्या गाळपेरीपासून जतच्या माळापर्यंत आणि कासच्या जांभ्यापर्यंत जमीन बदलते तसा उपाय बदलतो, हे तत्त्व धरून त्याची मांडणी झाली आहे. जांभ्याला त्यात थोडी कमी जागा मिळाली आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मुळातच पाणी पिणाऱ्या त्या दगडावर एक वेगळे पुस्तक व्हायला हवे, तेव्हा ही तक्रार फार ताणण्यात अर्थ नाही.

शेवटी जोडलेल्या चाचण्यांपैकी एकीकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. पाणी किती मुरते हे पाहण्यासाठी फूटभर खोल खड्डा खणायचा, पाणी भरायचे आणि पातळी किती उतरते ते घड्याळ लावून मोजायचे. काळीत हीच चाचणी एप्रिलमध्ये घेतली तर भेगांतून पाणी पाहता पाहता नाहीसे होते, आणि जमीन भलतीच झिरपती आहे असा निष्कर्ष निघतो. ऑगस्टमध्ये त्याच खड्ड्यात पातळी तासाला मिलिमीटरभरही क्वचितच हलते. म्हणून पुस्तक खड्डा आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा भरून ठेवायला सांगते, आणि वहीत फक्त दुसऱ्या दिवशीचा आकडा लिहायला.